बायकांच्या वेळेची विहीर

वेरूळला लेणी बघायला आलेली माणसं जिथून गाडी वळवून माघारी फिरतात, तिथून आमचा रस्ता पुढं निघतो. थोडं डांबर, मग मुरूम, मग नुसती चाकोरी, आणि चाकोरीच्या शेवटाला डोंगराच्या पायथ्याशी माझ्या सासुरवाडीचा मळा. मोसंबीची बाग, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढं कडुनिंब आणि हाकेच्या अंतरावर विहीर. यंदाच्या उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक शनिवारी आम्ही तिथं गेलो आणि रविवारी संध्याकाळी परत आलो. संभाजीनगरहून तासाभराची वाट. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं कुणीही म्हणेल. पण मी जेवढं घाबरत ती वाट कापली, तेवढं लोक हिमालयात जातानाही घाबरत नसतील, म्हणून लिहितोय.

खुलताबादच्या पुढं

शनिवार असल्यामुळं खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी. गाडी तिथं मुंगीच्या चालीनं सरकायची. वैशाली, माझी बायको, काचेतूनच हात जोडायची आणि मी त्याच वेळी शर्टाच्या खिशात तनूचा पंप आहे का ते चाचपायचो.

तनू आमची मुलगी, नऊ वर्षांची. तिला दमा आहे. पंप म्हणजे तोंडात धरून औषध ओढायचं ते छोटं नळकांडं. एक वैशालीच्या पिशवीत असतो, एक माझ्या खिशात. गेल्या हिवाळ्यात तनूला एवढी धाप लागली की दवाखान्यात ठेवावं लागलं. ती बरी झाली, पण माझी झोप गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, पोहायला घाला, छाती मोकळी होईल. शहरातल्या तलावावर नेलं, तर पाण्यातल्या औषधाच्या वासानं तिला जास्तच खोकला लागला. चला, विषय मिटला, असं मला वाटलं होतं. तेवढ्यात वैशाली म्हणाली, "आमच्या विहिरीत शिकू दे. मी तिथंच शिकले."

विहीर किती खोल आहे, हे मी आधी विचारलं. मी वाळूजला एका कंपनीत माल तपासतो. कुठं काय बिघडेल हे आधी ओळखायचं, हेच माझं काम, आणि ते मी घरी आल्यावरही करतो असं वैशालीचं म्हणणं आहे. शिवाय मी शहरातला माणूस. आमच्याकडं नळाला पाणी यायचं म्हणजे सणच असतो. लहानपणापासून मी पाणी पाहिलं ते ड्रममध्ये, टाकीत आणि हंड्यात, तेही झाकण लावलेलं. एवढं पाणी एका जागी, उघड्यावर, आणि त्यात माझी पोरगी, हे मला झेपणारं नव्हतं. मला स्वतःला पोहता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मळ्यात वैशालीचा भाऊ संतोष असतो आणि तिची आत्या असते. संतोष वेरूळच्या शाळेत शिकवतो आणि उरलेला वेळ मोसंबीत घालवतो. आत्याचं नाव गयाबाई. साठी उलटली आहे, आवाज बांधापलीकडं ऐकू जाईल असा. त्या घरातल्या सगळ्या पोरी तिच्याच हाताखाली पोहायला शिकल्या. आणि तिथला रिवाज असा की दुपारची जेवणं झाली की विहीर बायकांची. आत्या बांधावरच्या बोरीवर एक जुनं लाल लुगडं टाकते. ते दिसलं की गडीमाणसानं बांध ओलांडायचा नाही, मग मोटर बंद करायची राहिलेली असो की गुरं तहानलेली असोत. शहरातल्या तलावावरही बायकांची वेळ वेगळी असते, पण तिथं बापाला निदान फाटकातून डोकावता येतं.

"म्हणजे मी बघायचंसुद्धा नाही?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"तुमी बाजंवर पडा निवांत, जावईबापू," आत्या म्हणाली. "पोरगी माझ्या जिम्म्यात हाय."

बाज

शिकवायची पद्धत साधी आहे. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, तोंड झाळून बंद केलेला, पोरीच्या पाठीला बांधायचा. कमरेला दोर, आणि दोराचं टोक पायरीवर बसलेल्या बाईच्या हातात. डबा बुडू देत नाही, दोर लांब जाऊ देत नाही. पाय मारायला आले की आधी डबा सोडतात, मग दोर.

तो डबा मी हौदात दाबून बघितला, बुडबुडा येतो का. शिवणीवरून बोट फिरवलं. दोर कडुनिंबाच्या फांदीवर टाकून त्याला लोंबकळलो. संतोष हाताची घडी घालून बघत होता. "दाजी," तो म्हणाला, "पास का रिजेक्ट?" मी म्हणालो, दोर बदला. त्यानं मुकाट्यानं नवीन दोर आणून दिला. जावयाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नाही.

मग बायका गेल्या आणि मी बाजेवर पडून कान लावून बसलो. विहिरीकडून आधी धप्प आवाज यायचा. मग आत्याचं "पाय मार, पाय मार". मग हसणं. धप्प आणि हसणं यांच्या मधे जो वेळ जायचा तेवढा वेळ मी श्वास घेत नव्हतो. शेजारच्या बाजेवर संतोष घोरत होता. त्याची स्वतःची मुलगी याच विहिरीत शिकली, तेव्हाही तो असाच घोरला असणार. मला त्याचा राग येत होता आणि हेवाही वाटत होता.

रविवारी सकाळी अंगणात कुरडयांचा घाट होता. मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक शिजत होता आणि वैशाली आणि आत्या आळीपाळीनं तो घोटत होत्या. आमच्या घरी कुरडया तयार विकत येतात, त्यामुळं चीक काय असतो ते तनूला माहीतच नव्हतं. आत्यानं तिला वाटीत गरम चीक दिला, वर दूध-साखर घालून. तनूनं तो चाटूनपुसून खाल्ला आणि पुन्हा वाटी पुढं केली. मी त्या वेळी चिकानं कफ होतो का ते मोबाइलवर शोधत होतो. नेट लागत नव्हतं म्हणून त्या वाटीत अडथळा आला नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच टोचत होती. मोसंबीला रोज पाणी लागतं. प्रत्येक शनिवारी जाऊन बघावं तर विहिरीचं पाणी आणखी खाली गेलेलं. मे महिना सरत आला की आतली दगडी कपार उघडी पडते, मग आत्या कुणालाच उडी मारू देत नाही. म्हणजे पोहणं आलं तर तेवढ्यात, नाहीतर थेट पुढचा उन्हाळा, आणि मधे हिवाळा. वैशालीला त्या हिवाळ्याची भीती होती. मला आजच्या दुपारची होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, म्हणून परतीच्या वाटेवर भांडणही धड व्हायचं नाही. मागच्या सीटवर तनू मात्र हवेत हात मारत असायची.

बांधापलीकडं

तिसऱ्या खेपेला ऊन एवढं होतं की पत्रा तडतडत होता. जेवणं झाली, लुगडं बोरीवर गेलं, संतोष घोरायला लागला. विहिरीकडून नेहमीचे आवाज सुरू झाले. मला थोडं बरंही वाटत होतं, आदल्या रविवारी तनू माझ्या ताटातली भाकरी ओढून घेऊन जेवली होती.

आणि एकाएकी सगळं थांबलं.

धप्प नाही, पाय मार नाही, हसणं नाही. मी उठून बसलो. थोडा वेळ थांबलो. काहीच नाही. संतोषला हलवलं, तो कूस बदलून पुन्हा घोरायला लागला. मग मी चपला घालायचंही विसरलो. तापलेल्या ढेकळांवरून पळत सुटलो, लुगड्याच्या बाजूनं बांध ओलांडला आणि विहिरीच्या काठावरून खाली वाकून ओरडलो, "तनू!"

खाली तनू पाण्यावर उताणी तरंगत होती. पाठीला डबा नव्हता. आत्या कमरेपर्यंत पाण्यात, खालच्या पायरीवर उभी, तिचा एक तळवा तनूच्या पाठीखाली. वैशाली पायरीवर दोर धरून. कुणी काही बोलत नव्हतं, कारण आत्यानंच गप्प राहायला सांगितलं होतं. डबा सोडल्यावर पोरीला आधी तिचा श्वास तिलाच ऐकू यायला पाहिजे, अशी तिची पद्धत. तनूचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा झोपेतल्यासारखा शांत. एवढं मी पाहिलं.

माझ्या हाकेनं तिनं डोळे उघडले. वर माझ्याकडं बघितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिची छाती आत ओढली गेली. अंग आक्रसलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि ती ओळखीची शिट्टी तिच्या श्वासातून ऐकू यायला लागली. आत्यानं तिला पायरीवर घेतलं. माझ्या खिशातून पंप निघेपर्यंत वैशालीनं तिच्या पिशवीतला तनूच्या तोंडाला लावलाही होता. थोड्या वेळानं शिट्टी थांबली. आत्यानं ओल्या पदरानं अंग झाकून घेतलं आणि माझ्याकडं पाठ केली, तेव्हा कुठं मी कुठं उभा आहे हे माझ्या लक्षात आलं. मी मान खाली घालून परत फिरलो.

रात्रीच्या जेवणाला कुणी मला बोल लावला नाही. उलट माझ्या ताटात तूप जास्त पडलं. आत्यानं विचारलं, "ठेचा तिखट तर नाय झाला, जावईबापू?" मला वाटत होतं, हिनं मला चार शिव्या द्याव्यात.

धोंड्याचं ताट

पुढच्या आठवड्यात धोंड्याचा महिना लागला. ज्यांना हा महिना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दर तीन वर्षांनी पंचांगात एक जादा महिना येतो आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. एरवीचा मान असतोच, या महिन्यात तर जावई म्हणजे देवच. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ताटाभोवती रांगोळी काढली. वाफवलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, आमरस, सरगुंडे, येसर मसाल्याची आमटी. हे सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून केलेल्या गव्हाच्या शेवया. आमच्या घरी रस पोळीबरोबर असतो. सरगुंड्यांबरोबर खाल्ला आणि इतकी वर्षं आपण काय खात होतो असं वाटलं.

त्या शनिवारी तनू विहिरीवर गेली नव्हती. माझ्या बाजेवर येऊन बसली, माझ्या मोबाइलवर खेळत राहिली. आत्यानं बोलावलं, तरी मान हलवली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. बसलेली पोरगी, कोरडे केस, डोळ्यासमोर. रविवारी धोंडे खाताना तर मी इतका खुशीत होतो की सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं.

"आता पोहणं बास," मी म्हणालो. "तिला पाण्याचा त्रास होतो, बघितलंच सगळ्यांनी. तब्येतीपुढं काही नाही."

संतोष ताटात बघायला लागला. आत्यानं भांडं उचललं आणि उगाच पुन्हा खाली ठेवलं. 

"पाण्यानं नाही होत," तनू म्हणाली. ती माझ्या शेजारीच बसली होती. "तुमच्या तोंडाकडं बघितलं की मला दम लागतो."

"अगं, बापाला आसं बोलत्यात व्हय?" आत्या तिच्यावर खेकसली. "जावईबापू, तुमी मनावर घेऊ नका. पोर हाय. आणखी एक धोंडा घ्या."

मी घेतला.  कुणी तरी म्हणेल, छे, तसं काही नाही, म्हणून मी एकेकाकडं बघत होतो. कुणीच म्हणालं नाही.

परत येताना तनू मागं झोपली होती. दौलताबादच्या अलीकडं मी गाडी बाजूला घेतली.

"खरं आहे का हे?" मी वैशालीला विचारलं.

तिनं मागं वळून तनू झोपलीय का ते बघितलं. मग म्हणाली, "दवाखान्यात नर्सनं तुम्हाला खाली औषध आणायला पाठवलं होतं, आठवतं?"

"हो. मी पळत गेलो होतो."

"औषध तिथंच होतं. ती मला म्हणाली, यांना जरा बाहेर पाठवते, पोरगी यांच्याकडं बघून घाबरतेय. तुम्ही जिना उतरला असाल-नसाल, तिची धाप ओसरायला लागली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"एवढं घाबरू नका, असं मी रोज सांगते," वैशाली म्हणाली. "तुम्हाला वाटतं, मी निष्काळजी आहे."

तसं मला वाटत होतं, हे खरंच होतं. मी गाडी सुरू केली. आरशात मागं झोपलेली तनू दिसत होती आणि तिचा श्वास अगदी संथ चालला होता. तिच्यासाठी मी एवढा जीव टाकतो आणि तोच तिच्या छातीवर बसतो, हे मला पचत नव्हतं. वाईट वाटलं, रागही आला. कुणाचा ते कळेना.

रसवंती

शेवटची खेप. कपार अजून पाण्याखाली होती, पण दिसायला लागली होती. दीड पुरुष पाणी राहिलं असेल. तनू गाडीतच म्हणाली होती, "पप्पा, मी उतरते. पण तुम्ही बाजेवर पण नका बसू. तुम्ही ऐकत बसता, ते मला कळतं."

"मग कुठं बसू?"

"वेरूळला जा."

निघताना आत्या लुगडं खांद्यावर टाकून उभी होती. मी तिला म्हणालो, "आत्या, माझ्या मनात लई वाईटसाईट येतंय."

ती इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "माझ्या बी येतंय. मला काय भ्या वाटत नाय व्हय? दर पोरीच्या टायमाला वाटतंय. फकस्त तोंडावर येऊ देत नाय." मग तिनं नेहमीच्या आवाजात ओरडून वैशालीला आणि तनूला बोलावलं.

मी वेरूळला आलो आणि रस्त्याकडेच्या रसवंतीत बसलो. समोरून लेण्यांची माणसं चालली होती, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, रडणारी पोरं. एका कुटुंबानं मला कैलास लेणं किती लांब आहे असं विचारलं आणि मी त्यांना काही तरी सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, ते बरोबर पोचले असतील अशी आशा आहे. पुढ्यातल्या रसातला बर्फ विरघळून गेला होता. डोळ्यासमोर ती कपार येत होती.

रसवंतीवाले चाचा बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले. "क्या हुआ साब? गाडी बिगडी क्या?"

"नहीं चाचा. बेटी तैरना सीख रही है. उधर मळे में."

"तो तुम इधर कायकू बैठे?"

"उसनेच बोला, इधर बैठो."

चाचांनी खांद्यावरच्या फडक्यानं टेबल पुसलं. "मेरी बच्ची भी दसवीं के पेपर कू ऐसाच बोली. अब्बा, तुम गेट पे नक्को खडे रहो, तुमकू देखी तो सब भूल जाती मैं." ते हसले, पण पूर्ण नाही. "मैं पीछे के गली में खडा रहा. कितनी बार घडी देखी होगी, अल्ला जाने." मग बर्फ विरघळलेला ग्लास उचलून त्यांनी दुसरा भरून आणला.

संतोषचा फोन आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. "दाजी, या आता," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजावरून काही कळेना. विचारायचं तोंडावर आलं होतं, पण मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर आरसा स्वतःकडं वळवला. कपाळावर आठ्या, डोळे ताणलेले, जबडा आवळलेला. हे तोंड घेऊन मी रोज त्या पोरीला हाका मारतो. मी गालांवरून हात फिरवला, आठ्या बोटांनी मोडल्या, त्या परत आल्या. चाकोरीवरून गाडी हळू नेली, तेवढाच वेळ मिळावा म्हणून.

अंगणात तनू पाटावर बसून रस-सरगुंडे खात होती. केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली. वैशाली ओट्यावर कपडे पिळत होती आणि आत्या बाजेवर पाय चेपत बसली होती.  मी पाय धुतले आणि तनूच्या समोर बसलो. विचारायच्या गोष्टी पुष्कळ होत्या. डबा होता का, दोर कुणाच्या हातात होता, धाप लागली का, कपारीला पाय लागला का. त्या सगळ्या गिळून, त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटलं ते विचारलं.

"पाणी गार होतं का गं?"

"वर गरमच होतं," तनू म्हणाली. तिनं घास चावून संपवला. "तळाशी लई गार असतं."

तळाशी. मी वैशालीकडं बघितलं नाही, आत्याकडं बघितलं नाही.  रसाचं भांडं दोन्ही हातांनी उचललं.

"असं का," मी म्हणालो आणि तिच्या वाटीत रस वाढला.

तनूनं मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं. नीट, न घाबरता, बराच वेळ बघितलं. मग तिनं सरगुंडे रसात कालवले आणि पुढचा घास घेतला.